रक्तांत दिसणारा दाह

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत रक्ततपासणीचा कागद आतां पंचांगाइतकाच परिचयाचा झाला आहे. चार दिवस ताप उतरला नाहीं, सकाळीं उठतांना गुडघे आंखडूं लागले, किंवा कारण न कळतां वजन घटलें, कीं डॉक्टर दंडांतून थोडें रक्त काढवितात आणि संध्याकाळपर्यंत आंकड्यांनीं भरलेला अहवाल घरीं येतो. त्या आंकड्यांपैकीं दोन पुष्कळदां ठळक अक्षरांत छापलेले असतात. एकाचें नांव ई. एस. आर. व दुसऱ्याचें सी. आर. पी. शेजारच्या रकान्यांतील मर्यादेहून ते मोठे असले म्हणजे घरांत काळजी शिरते. मर्यादेच्या आंत असले म्हणजे सुटकेचा निःश्वास टाकला जातो. काळजी आणि निःश्वास या दोन्ही गोष्टी अनेकदां अकालीं घडतात. हे आंकडे खोटें बोलत नाहींत. परंतु ते बोलतात फार थोडें. जें त्यांनीं सांगितलेलेंच नाहीं तें त्यांच्या तोंडीं घातलें, म्हणजे अनर्थ ओढवण्याचा संभव असतो.

हे दोन्ही आंकडे शरीरांतील दाहाविषयीं आहेत. तेव्हां दाह म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. पायांत काटा रुतून राहिला, कीं दुसऱ्या दिवशीं ती जागा लाल होते, सुजते, हाताला गरम लागते आणि ठणकूं लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत सेल्सस या रोमन ग्रंथकारानें हींच चार लक्षणें नोंदून ठेवलीं. त्या भागाचें काम मंदावणें हें पांचवें लक्षण मागाहून त्यांत जोडलें गेलें. सुश्रुतसंहितेंत व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. कच्चें गळूं कापणारा वैद्य आणि पिकलेलें गळूं तसेंच राहूं देणारा वैद्य, हे दोघेहि तेथें सारखेच दोषी ठरविले आहेत. सूज पाहणें वेगळें आणि सुजेचा अर्थ लावणें वेगळें, ही जाणीव इतकी जुनी आहे.

दाह हा मुळांत शरीराचा बंदोबस्त आहे. कांट्याबरोबर शिरलेल्या जंतूंची वर्दी लागतांच त्या जागेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तांतील द्रव भाग बाहेर झिरपतो, आणि पांढऱ्या पेशी तेथें धांव घेतात. काम उरकलें म्हणजे हा बंदोबस्त उठतो. तो उठलाच नाहीं, किंवा आमवातांत होतें त्याप्रमाणें स्वतःच्याच सांध्यांवर उलटला, तर जें रक्षणासाठीं निर्माण झालें तेंच रोगाचें रूप घेतें.

पायाचा दाह डोळ्यांना दिसतो. परंतु फुप्फुसाच्या तळाशीं, मणक्यांत, मूत्रपिंडांत किंवा हृदयाच्या झडपांवर चाललेला दाह बाहेरून कसा दिसावा? तेथें रक्ताची साक्ष उपयोगी पडते. दाह जेथें असेल तेथील पेशी रासायनिक निरोप रक्तांत सोडतात. त्यांतील एका प्रमुख निरोपाचें नांव इंटरल्यूकिन-६ असें आहे. हा निरोप यकृताला पोंचला, कीं यकृत आपल्या कामाची मांडणी बदलतें. शांततेच्या काळीं तें जीं प्रथिनें तयार करतें त्यांतील कांहीं कमी करतें, आणि संकटकाळीं लागणारीं प्रथिनें भराभर वाढवितें. ई. एस. आर. आणि सी. आर. पी. या दोन्ही परीक्षा यकृताच्या या बदललेल्या कामाच्या खुणा शोधतात. पहिली आडमार्गानें, दुसरी थेट.

ई. एस. आर. म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा खालीं बसण्याचा वेग. गढूळ पाण्यांत तुरटी फिरविली, कीं गाळ लवकर तळाशीं जातो, हें प्रत्येक गृहिणीला ठाऊक असतें. मातीचे सूक्ष्म कण सारख्याच जातीच्या विद्युद्भारामुळें एकमेकांना दूर ठेवून पाण्यांत तरंगत असतात. तुरटी तो दुरावा मोडते, कण एकत्र येऊन जड होतात व खालीं बसतात. रक्तांत कांहींसें असेंच घडतें. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ऋण विद्युद्भार असल्यामुळें त्या एकमेकींपासून अंतर राखतात. दाहाच्या वेळीं फायब्रिनोजेन नांवाचें प्रथिन रक्तांत वाढतें आणि हें अंतर नाहींसें करतें. मग चपट्या पेशी रुपयांच्या चळतीप्रमाणें एकीवर एक रचल्या जातात, आणि सुट्या पेशींपेक्षां चळत लवकर खालीं जाते.

परीक्षेची जुनी रीत इतकी साधी आहे कीं तिच्यांत कोणतेंहि गूढ वाटूं नये. चार भाग रक्तांत एक भाग सोडियम सायट्रेटचें द्रावण मिसळावयाचें, म्हणजे रक्त गोठत नाहीं. तें अडीच मिलिमीटर पोकळीच्या, २०० मिलिमीटरपर्यंत खुणा केलेल्या कांचेच्या नळींत भरून नळी अगदीं उभी ठेवावयाची. एक तासानें वरच्या बाजूस पिवळसर, स्वच्छ द्रवाचा जेवढा स्तंभ दिसेल तेवढे मिलिमीटर हाच आंकडा. नळी किंचित् कलती राहिली तरी पेशी लवकर उतरतात आणि आंकडा फुगतो. आतां अनेक प्रयोगशाळांत यंत्रें हें काम थोड्या मिनिटांत करतात. तरी उत्तर त्या जुन्या नळीच्या मापांतच सांगितलें जातें.

या परीक्षेचा इतिहासच तिची मर्यादा शिकवितो. १८९७ सालीं एडमंड बिएर्नात्स्की या पोलिश डॉक्टरानें पेशी खालीं बसण्याचा वेग रोगाप्रमाणें बदलतो व त्याचा संबंध फायब्रिनोजेनशीं आहे, हें दाखविलें. पुढें १९१८ मध्यें स्वीडनमधील रॉबिन फॉरेयस यांनीं तीच गोष्ट स्वतंत्रपणें पाहिली. परंतु त्यांना ती आढळली ती गरोदर स्त्रियांच्या रक्तांत. ही गर्भधारणा ओळखण्याची खूण ठरेल, अशी त्यांची प्रथम अपेक्षा होती. ती खोटी ठरली, कारण कितीतरी रोगांतहि तोच वेग दिसूं लागला. १९२१ मध्यें त्यांच्याच देशांतील अल्फ वेस्टरग्रेन यांनीं क्षयरोग्यांच्या तपासणींत ही परीक्षा वापरून तिची रीत निश्चित केली, आणि आजहि ती त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. म्हणजे क्षयाची खूण म्हणून जगभर फिरलेली ही परीक्षा जन्मतः एका निरोगी अवस्थेंत सांपडलेली होती.

म्हणूनच ई. एस. आर. वाढण्यास प्रत्येक वेळीं रोगच पाहिजे असें नाहीं. वय वाढतें तसा हा वेग वाढतो. पुरुषांपेक्षां स्त्रियांत तो अधिक असतो. गरोदरपणांत तर तो वाढलेला असणेंच स्वाभाविक. १९८३ सालीं सुचविलेला एक सोपा ठोकताळा असा आहे : पुरुषाच्या वयाची निम्मी संख्या, आणि स्त्रीच्या वयांत दहा मिळवून येणाऱ्या संख्येची निम्मी, ही त्याची वरची मर्यादा समजावी. या हिशेबानें साठ वर्षांच्या गृहस्थाचा ३० व त्याच वयाच्या स्त्रीचा ३५ हा आंकडा चिंतेचा नव्हे. मात्र अहवालांत पुष्कळदां सर्वांसाठीं एकच लहान मर्यादा छापलेली असते आणि आजी-आजोबांचा आंकडा विनाकारण ठळक होतो.

याहून महत्त्वाचें कारण पांडुरोगाचें आहे. रक्तांत तांबड्या पेशी कमी असल्या म्हणजे चळतींना वाटेंत अडथळा कमी होतो व त्या झपाट्यानें उतरतात. दाह मुळींच नसला तरी आंकडा चढतो. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत भारतांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं ५७ टक्के स्त्रियांना पांडुरोग असल्याचें आढळलें. ज्या देशांत निम्म्याहून अधिक स्त्रियांची ही स्थिति आहे, तेथें एखाद्या सुनेचा ई. एस. आर. चाळीस आला म्हणून तिच्यामागें दडलेला क्षय शोधीत बसण्यापूर्वीं त्याच कागदावरील हिमोग्लोबिनचा आंकडा वाचला गेला पाहिजे. तिला लोहाची गरज असते आणि घर भलत्याच भीतीनें ग्रासलेलें असतें, असें यांत घडूं शकतें. उलट, आंकडा शंभराच्या पलीकडे गेला असेल तर वय आणि पांडुरोग यांच्यावर भार टाकून स्वस्थ बसतां येत नाहीं. मोठा संसर्ग, सांध्यांचा किंवा रक्तवाहिन्यांचा दाह, अथवा कर्करोग यांपैकीं कांहींतरी तेथें बहुधा सांपडतें.

आतां दुसऱ्या परीक्षेकडे वळावयाचें. १९३० सालीं न्यूयॉर्कमधील रॉकफेलर संस्थेंत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे न्यूमोनियाच्या रोग्यांचें रक्त तपासीत होते. न्यूमोनियाच्या जंतूंपासून काढलेला एक अंश, ज्याला त्यांनीं 'सी' हें अक्षर दिलें होतें, तो रोग्याच्या रक्तद्रवांत घातला असतां सांका बसे. रोगी बरा होऊं लागला, कीं त्याच्या रक्ताचा हा गुण नाहींसा होई. 'सी' या अंशाशीं प्रतिक्रिया करणारें प्रथिन तें सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच सी. आर. पी. आरंभीं ही न्यूमोनियाचीच विशेष खूण वाटली. परंतु इतर संसर्गांत व र्‍हुमॅटिक तापांतहि तेंच प्रथिन आढळलें, तेव्हां तें एका रोगाचें नसून दाह या घटनेचें प्रथिन आहे, हें उघड झालें. दोन्ही परीक्षांच्या जन्मकथा अशा एकाच धड्यावर येऊन मिळतात : शोधणाऱ्यांना एका गोष्टीची विशिष्ट खूण हवी होती, आणि हातीं आली ती अनेक गोष्टींची सामान्य खूण.

सी. आर. पी. चा मोठा गुण म्हणजे त्याची चपळाई. दाह सुरू झाल्यापासून सुमारें सहा तासांत तें रक्तांत वाढूं लागतें व साधारण दोन दिवसांत कळसाला पोंचतें. निरोप थांबला, कीं यकृत त्याचें उत्पादन थांबवितें, आणि रक्तांत असलेलें प्रथिन दर १९ तासांस निम्में होत जातें. निरोगी माणसाच्या रक्तांत तें लिटरमागें बहुधा दोन-तीन मिलिग्रॅमच्या आंत असतें. तीव्र संसर्गांत तेंच कित्येक शें पटींनीं वाढूं शकतें. ई. एस. आर. ची चाल याच्या उलट आहे. तो चढावयास एक-दोन दिवस घेतो आणि उतरावयास कित्येक आठवडे. म्हणून ताप जाऊन रोगी हिंडूं-फिरूं लागला, सी. आर. पी. उतरलें, तरी ई. एस. आर. अद्याप वरच, असें नेहमीं दिसतें. औषध लागूं पडलें नाहीं असा याचा अर्थ होत नाहीं. एक घड्याळ तासांचा हिशेब ठेवतें व दुसरें आठवड्यांचा, एवढेंच त्यांतून निष्पन्न होतें.

या चपळाईचा खरा उपयोग एका आंकड्यांत नसून आंकड्यांच्या ओळींत आहे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस सी. आर. पी. चढलेलें असणारच, कारण शस्त्रक्रिया ही देखील जखमच आहे. पुढें तें उतरत गेलें तर सर्व ठीक; उतरतां उतरतां पुन्हां चढूं लागलें, तर आंत कोठें पू तर धरला नाहीं ना, अशी शंका शल्यवैद्य घेतात. आमवाताच्या रोग्यांतहि महिन्यामागून महिन्याचे आंकडे एका रांगेंत ठेवले, म्हणजे उपचाराची दिशा कळते. जुने अहवाल जपून ठेवणें आणि शक्य तोंवर एकाच प्रयोगशाळेंत तपासणी करणें, यांतील शहाणपण हेंच.

येथें मापाविषयीं एक सूचना अवश्य आहे. कांहीं प्रयोगशाळा सी. आर. पी. लिटरमागें किती मिलिग्रॅम तें सांगतात, तर कांहीं डेसिलिटरमागें. एक डेसिलिटर हा लिटरचा दहावा भाग. त्यामुळें एकींतील २ हा दुसरींतील २० असतो. गेल्या आठवड्यांतील २ आणि आजचे २० पाहून रोग दसपट वाढला असें वाटावें, आणि रक्तांत तसूभरहि फरक झालेला नसावा, असें होऊं शकतें. आंकड्याच्या शेजारचें माप वाचल्याखेरीज आंकडा वाचूंच नये. अतिसंवेदी सी. आर. पी. नांवाची तपासणी आढळते, तिच्यांतहि प्रथिन तेंच असतें, फक्त मोजमाप अधिक बारीक असतें. पुढें हृदयविकाराचा धोका किती, याचा अंदाज घेण्यास ती इतर गोष्टींच्या जोडीला वापरतात. सर्दी-पडशाच्या दिवसांत ती केली तर तिचें उत्तर निरर्थक होतें.

न्यायशास्त्रांत डोंगरावरील धुरावरून अग्नीचें अनुमान करण्याचा दाखला प्रसिद्ध आहे. या परीक्षा म्हणजे तसाच धूर. आग आहे एवढें अनुमान त्यावरून करतां येतें. परंतु ती चुलीची, होमाची, कीं जळत्या घराची, हें धूर सांगत नाहीं. शिवाय कधीं कधीं धुकेंच धुरासारखें दिसतें. पांडुरोग आणि गरोदरपण यांतील ई. एस. आर. हें असें धुकें होय. आणि तिसरी, सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे धुराविना धुमसणारी आग.

तिचें एक उदाहरण मुलांतील र्‍हुमॅटिक तापाचें. घशाच्या विशिष्ट संसर्गानंतर कांहीं आठवड्यांनीं हा ताप येतो. सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपांना इजा पोंचते. १९४४ सालीं अमेरिकेंतील डकेट जोन्स यांनीं त्याच्या निदानाचे जे निकष मांडले, त्यांत ई. एस. आर. ला स्थान दिलें तें गौण लक्षणांत. प्रमुख लक्षणें म्हणजे डॉक्टरांना रोग्याच्या अंगावर, सांध्यांत व हृदयांत जें सांपडतें तीं. या रोगाच्या एका प्रकारांत मुलाचे हातपाय आपोआप वेडेवांकडे हलूं लागतात. हातांतील पेला सांडतो, अक्षर बिघडतें, आणि घरचीं माणसें त्याला वांडपणा समजून रागावतात. हा प्रकार मूळ संसर्गानंतर कित्येक महिन्यांनीं देखील दिसतो. तोंवर रक्तांतील दाहाच्या खुणा ओसरलेल्या असतात, ई. एस. आर. आणि सी. आर. पी. दोन्ही निर्दोष येऊं शकतात, आणि हृदयाची झडप मात्र दुखावलेली असते. निर्दोष कागद पाहून असें मूल तपासणीशिवाय घरीं परतलें, तर पुढील आयुष्यांत त्याची फार मोठी किंमत द्यावी लागते.

क्षयांतहि ई. एस. आर. मर्यादेंत असूं शकतो; क्षयाचें निदान थुंकींत किंवा गांठींत जंतु सांपडण्यावर अवलंबून असतें, नळींतील मिलिमीटरांवर नव्हे. ल्यूपस नांवाच्या विकारांत रोग जोरांत असतांनाहि सी. आर. पी. बेताचेंच वाढतें. यकृतच निकामी झालें असेल तर प्रथिन तयार कोणी करावें? आणि आमवातावरील कांहीं नवीं औषधें इंटरल्यूकिन-६ चा निरोपच अडवितात. अशा रोग्याला गंभीर संसर्ग झाला तरी सी. आर. पी. खालींच राहूं शकतें. म्हणून कोणत्या रोगावर कोणतें औषध चालूं आहे, हें नव्या डॉक्टरांना सांगणें रोग्याच्या हिताचें असतें.

आंकड्यावर उपचार करणें आणि माणसावर उपचार करणें यांतील अंतर २०२० व २०२१ या वर्षांतील करोनाच्या साथींत महाराष्ट्राला जवळून पाहावयास मिळालें. सी. आर. पी. हा शब्द तेव्हां घरोघरीं पोंचला. जून २०२० मध्यें ब्रिटनमधील एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष जाहीर झाला : डेक्सामेथासोन या दाहशामक स्टिरॉइडनें कृत्रिम श्वासयंत्रावरील रोग्यांतील मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें, व प्राणवायु द्यावा लागणाऱ्या रोग्यांतील सुमारें एकपंचमांशानें कमी झाले, परंतु ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना त्याचा कांहींहि लाभ झाला नाहीं. औषध कोणाला द्यावयाचें हें ठरलें तें रोग्याच्या श्वासावरून. केवळ सी. आर. पी. वाढलें म्हणून घरच्या घरीं स्टिरॉइड सुरू करण्यास त्या प्रयोगांत कोठेंहि आधार नव्हता. २०२१ च्या उन्हाळ्यांत म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडीं काळी बुरशी, हा रोग राज्यांत मोठ्या प्रमाणावर दिसला. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा अवाजवी वापर हीं त्याचीं प्रमुख कारणें मानलीं गेलीं. कित्येकांचे डोळे गेले, कित्येकांचे प्राण गेले. दाह शमविणारें औषध हें शरीराचा बंदोबस्तहि मोडणारें औषध असतें, हें त्या काळानें महागांत शिकविलें.

तेव्हां अहवाल हातीं आल्यावर सुज्ञ कुटुंबानें काय करावें? प्रथम माप आणि मर्यादा नीट वाचावी. नंतर रोग्याचें वय, हिमोग्लोबिन, अलीकडे झालेली सर्दी, जखम किंवा शस्त्रक्रिया, आणि चालूं असलेलीं औषधें यांच्याशीं आंकडा ताडून पाहण्यास डॉक्टरांना सांगावें. कांहीं लक्षण नसतांना सहज केलेल्या तपासणींत आंकडा थोडा वाढलेला निघाला, तर कांहीं आठवड्यांनीं ती पुन्हां करून पाहण्यासारखें स्वस्त व निर्धोक दुसरें औषध नाहीं. अशी पुष्कळशी वाढ आपोआप नाहींशी होते. मात्र ताप हटत नसेल, वजन उतरत असेल, रात्रीं घामानें अंथरूण भिजत असेल, किंवा मुलाला धांवतांना धाप लागत असेल, तर आंकडा कितीहि चांगला असो, रोग्याला पुन्हां डॉक्टरांकडे नेलें पाहिजे.

कांचेची नळी एक तास उभी राहते आणि एक संख्या सांगते. त्या संख्येला अर्थ येतो तो रोग्याचा हात हातीं घेऊन, त्याची हकीकत ऐकून, त्याचें हृदय व सांधे तपासून. आंकडा हा या संभाषणाचा आरंभ होय; तो त्याचा शेवट करूं लागला, कीं निर्दोष कागदाच्या आड रोग वाढतो, किंवा ठळक अक्षरांच्या भीतीनें निरोगी माणूस रोगी बनतो.